इलेक्ट्रिकल गुत्तेदारानं गावासाठी खर्च करायचा तर कसा करायचा: वर्गणी, शाळेची वायरिंग, मंडप आणि टॅक्सचा हिशोब

पोळा जवळ आला की मराठवाड्यातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकल गुत्तेदाराचा फोन वाजायला लागतो. आधी गणपतीची पावती, मग देवी, दिवाळी झाली की टेनिस बॉलच्या टूर्नामेंटा, मग सप्ताह, मधी कुणाचं रक्तदान शिबिर, शाळेचं गॅदरिंग, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच असतंय, "दादा, तुमच्याकडून जास्तीची अपेक्षा आहे." आपण पण चहा सांगतो, पावती फाडतो, वर्षाच्या शेवटी बघावं तर बरेच पैसे गेलेले असतात आणि ते कुठं गेले ते सांगता येत नाही.

हा लेख त्याच्यासाठी लिहिलाय. ज्यांच्याकडं चार-दोन वायरमन आहेत, एखादी पिकअप आहे, ठेकेदारीचं लायसन आहे आणि जालना, परभणी, हिंगोली, लातूर, कुठंतरी घरांची, दुकानांची, एमआयडीसीतल्या शेडची कामं चालू आहेत अशांसाठी. मोठ्या कंपन्यांचं वेगळं असतंय, त्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी झाला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरला (कंपनीच्या समाजकामाला) द्यावेच लागतात. आपल्याला कुणी विचारत नाही, आपण मनानं देतो. मनानं देतो म्हणूनच त्याला काही शिस्त नसते आणि जो जास्त वेळ ऑफिसात बसून राहतो त्याला जास्त मिळतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. आपण रोख रक्कम देण्यापेक्षा आपल्याला जे काम येतंय ते द्यावं, आणि काम दिल्यावर त्याचा मेंटेनन्स पण द्यावा. नुसतं बसवून येऊ नये.

आधी आकडा ठरवा, तो पण एप्रिलमध्येच

मार्चएन्डचा हिशोब झाला की सीएकडं बसायचं आणि विचारायचं, सगळे खर्च, गाडीचे हप्ते, टॅक्स जाऊन हातात काय राहिलं. त्याच्यावर टक्का काढायचा. टर्नओव्हरवर काढू नका, कारण आपल्या धंद्यात टर्नओव्हर दिसायला मोठा असतो आणि अर्धं बिल कुठल्यातरी टेबलावर अडकलेलं असतंय. समजा ८ लाख सुटले आणि तुम्ही ३ टक्के धरले तर २४ हजार झाले. फार नाहीत. पण ठरवून लावले तर २४ हजारात होणारं काम बघून लोक चकित होतात.

त्याचे मी असे भाग पाडतो: १२ हजार एका मोठ्या कामाला, ४ हजार मागच्या वर्षी केलेल्या कामाच्या देखभालीला, ५ हजार गावातल्या पावत्या-पट्टीला कारण ते टाळता येत नाही आणि टाळू पण नये, आणि ३ हजार अचानकच्या अडचणीला. गारपीट होते, कुणाचं घर शॉर्टसर्किटनं जळतं, त्या टायमाला आपण "बजेट संपलं" म्हणू शकत नाही.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट आहे, ती मी यात मोजतच नाही. स्वतःचे वायरमन आणि हेल्पर. त्यांना रबरी हातमोजे, हेल्मेट, खांबावर चढायला बेल्ट नसेल आणि चौकात आपल्या फोटोचा फ्लेक्स लागलेला असेल तर गाव बोलत नाही पण बघतंय सगळं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला २ लाखांचं कव्हर, वय १८ ते ७० आणि बँकेत खातं असलं की झालं. सगळ्या पोरांचे भरले तरी एका पार्टीच्या चहापाण्याएवढे पण होत नाहीत. हा विमा पुरेसा आहे असं मी म्हणत नाही, करंटच्या कामाला वेगळी अपघात पॉलिसी काढावीच, पण निदान हे तरी आजच करा.

कशाला द्यायचं, कशाला नाही

इथं प्रत्येकाचं वेगळं असणार. तरी आपल्या भागात आपल्या हातानं होण्यासारखी कामं कोणती ते सांगतो.

जिल्हा परिषदेच्या शाळा सगळ्यात वर, त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. मग गणपती आणि देवीच्या मंडपाची सेफ्टी. मग गावातल्या अभ्यासिका, जिथं तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रात्री बाराला पण बसलेली असतात आणि एका एक्स्टेन्शन बोर्डावर सहा लॅपटॉप-मोबाईल चार्जिंगला असतात. बीडकडं ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, आईबाप कारखान्यावर गेले की लेकरं गावात राहावीत म्हणून. तिथं झोपायच्या खोलीतला एक उघडा जॉइंट झाकून दिला तरी ते मोठं काम आहे.

आयटीआयचा पोरगा ही पण चांगली जागा आहे. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा असतो, गरीब घरच्या पोराकडं स्वतःची पक्कड नसते. पक्कड, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर सेट, एक बरा मल्टिमीटर, एवढी किट दिली आणि सुट्टीत आपल्या साइटवर काम शिकवलं तर दोन वर्षांनी आपल्यालाच माणूस मिळतो. रीतसर अप्रेंटिस म्हणून घेतलं तर केंद्राच्या एनएपीएस (अप्रेंटिसशिप प्रोत्साहन) योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार उचलतंय. यात आपला स्वार्थ आहे हे कबूल, असू द्या की.

टूर्नामेंटाच्या जर्सीवर नाव, ट्रॉफ्या, यात्रेतल्या कुस्तीचं इनाम, याला माझा विरोध नाही पण ते पावतीच्या ५ हजारात बसवा. टूर्नामेंट रात्रीची असेल तर पैसे न देता फ्लडलाइटची जोडणी आपण करून द्या, नाहीतर कुणीतरी पोरगं डीपीवर आकडा टाकणार आणि तुमच्या नावाच्या बॅनरखालीच काहीतरी होणार.

आणि एक जागा टाळाच. ज्या ऑफिसात आपलं बिल अडकलंय किंवा टेंडर टाकायचंय तिथल्या साहेबानं सुचवलेला कार्यक्रम. साहेबांच्या भाच्याच्या मंडळाला दिलेले पैसे वर्गणीत धरू नका, ते कशात धरायचे ते तुम्हाला माहितीय.

संस्था तपासून घ्या

ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर मागा, पॅन मागा, आणि टॅक्समध्ये फायदा पाहिजे असेल तर ८०जीचं (देणगीवर टॅक्सची सूट देणाऱ्या जुन्या आयकर कलमाचं) सर्टिफिकेट चालू आहे का बघा, मुदत संपलेलं झेरॉक्स दाखवणारे पुष्कळ आहेत. गणेश मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट नसेल तर वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते, आता ऑनलाइन मिळते. ती आहे का एवढं विचारलं तरी समोरचा जरा सरळ बसतो.

शाळेला द्यायचं तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, दोघांशी बोला. समिती आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यानं असतेच आणि तिच्यात पालक जास्त असतात. कुणाच्याही वैयक्तिक फोनपे-गुगलपेच्या क्यूआरवर देणगी टाकू नका, मग तो कितीही जवळचा असो, संस्थेच्या खात्यावर किंवा चेकनंच द्या.

शाळेचं काम: आधी बघायला जा

आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही पाच शाळा फिरून बघा, एकात तरी हे दिसणारच. हेडसरांच्या खोलीत कपाटाच्या बाजूला इन्व्हर्टर, त्याच्यावर लाल ऑइलपेंटनं देणगीदाराचं नाव आणि साल, खाली दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढलेली, पाण्याचे फ्लोट तळाला गेलेले आणि वर खडूचे डबे आणि जुन्या हजेऱ्यांचा गठ्ठा. गुरुजींना विचारलं तर म्हणतात, "पहिलं वर्षभर मस्त चालला हो, मग कुणी बघायलाच आलं नाही." डिस्टिल्ड वॉटर टाकायचं असतंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतंय. आता त्या नावाची जाहिरात झाली का बदनामी झाली ते तुम्हीच ठरवा.

म्हणून पाहणी आधी. जाताना मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायला), अर्थ टेस्टर (अर्थिंग मोजायला), क्लॅम्प मीटर (करंट मोजायला) घेऊन जायचं आणि शक्यतो मे महिन्याच्या सुट्टीत जायचं. एक तर वर्ग रिकामे असतात आणि जूनच्या मध्याला शाळा भरायच्या आत काम उरकतं. दुसरं कारण आपल्या काळ्या मातीचं आहे. कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वर चढतो. पावसाळ्यात मोजलं तर कुठलीही अर्थिंग छान दिसते, मे महिन्यात मोजलेला आकडाच खरा. तवा ५ ओहमच्या आत आला तर पुढं काळजी नाही. नसेल येत तर नवीन खड्डा घ्या, आणि त्याला वरून पाणी टाकायचा पाइप ठेवा, हातपंपाच्या किंवा हात धुवायच्या नळाच्या सांडपाण्याजवळ खड्डा घेतला तर ओल आपोआप राहते.

बाकी काय बघायचं? मीटरवर मंजूर भार किती आणि खरा लोड किती. बिल थकलंय का. थकलं असेल आणि मीटर काढून नेलं असेल तर तुमचे वीस पंखे शोभेचेच राहणार, म्हणून बिल कोण भरतंय, ग्रामपंचायत का शाळेच्या अनुदानातून, हे आधी विचारा. बिलावर टॅरिफ कोणतं लागलंय ते वाचा, सरकारी शाळा-दवाखान्यांसाठी महावितरणचा सार्वजनिक सेवा नावाचा वेगळा वर्ग असतो आणि चुकून दुसऱ्या वर्गात बिल येत असेल तर एका अर्जानं कायमची बचत होते, याला खर्च शून्य. मग मेन स्विच, कटआउटमध्ये फ्यूजच्या ऐवजी जाडी तार घातलीय का, डीबी (सगळ्या स्विचांचा मुख्य डबा) लेकरांच्या हाताला लागतोय का, खालचे सॉकेट उघडे आहेत का, बोरच्या मोटरचा स्टार्टर आणि लोखंडी पाइप यांना अर्थिंग आहे का. पाण्याच्या टाकीजवळची मोटर सगळ्यात धोक्याची, लेकरं ओल्या पायानं तिथंच असतात.

आता १२ हजारात काय बसवायचं. माझा क्रम ठरलेला आहे: आधी अर्थिंग, मग मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट माणसातनं किंवा जमिनीत गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच), मग एमसीबीचा (जादा लोड नाहीतर शॉर्टसर्किटला आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) डीबी, उघडे जॉइंट बंद, फुटलेले स्विच बदल, आणि पैसे उरले तर पंखे. मजुरी आपली. लोकांना पंखे दिसतात आणि आरसीसीबी दिसत नाही, त्यामुळं समितीतले एकदोन जण कुरकुर करणार, "एवढे पैसे लावले आणि दिसंना काहीच." त्यांच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबून लाईट घालवून दाखवायची आणि सांगायचं की लेकराला करंट लागला तर हे असं क्षणात बंद होतंय. मग कुणी काही बोलत नाही.

पंखे द्यायचेच तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) द्या, महाग पडतात पण बिल शाळेच्या मानगुटीवर बसत नाही. हिशोब सोपा आहे. साधा पंखा ७५ वॅटचा, २० पंखे म्हणजे दीड किलोवॅट, सहा तास चालले तर दिवसाला ९ युनिट. बीएलडीसी ३० वॅटच्या आसपास, तेच २० पंखे ३.६ युनिट. महिन्यात २४ दिवस शाळा धरली तर २१६ युनिटच्या जागी ८६. हे आकडे कागदावर लिहून हेडसरांना द्या, पुढच्या देणगीदाराला ते स्वतःच बीएलडीसी मागतील.

सोलरचा मोह आवरा. एक किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरायचे, ऊन आपल्याकडं भरपूर, सगळं खरं. पण पॅनलवर धूळ बसते, वानरं नाचतात, केबल चोरीला जाते आणि इन्व्हर्टर बिघडला तर पुन्हा तेच खडूचे डबे. मेंटेनन्सला माणूस आणि पैसे ठरले असतील तरच सोलर.

एका पानाचं पत्र

काम सुरू करायच्या आधी लेटरहेडवर एक पान लिहा, सही-शिक्का दोन्हीकडून. काय देणार, किती किमतीचं, कधीपर्यंत. किती वर्षं देखभाल करणार, मी तीन वर्षं लिहितो, त्याच्यापुढं बघू. वर्षातून दोन चकरा, एक मे-जूनमध्ये अर्थिंग आणि डीबी बघायला, एक दिवाळीच्या सुट्टीत. इन्व्हर्टर असेल तर डिस्टिल्ड वॉटर कोण टाकणार त्या शिक्षकाचं किंवा शिपायाचं नाव. तक्रार कुणाच्या फोनवर करायची. नावाची पाटी केवढी आणि कुठं लागणार. आणि एक ओळ नक्की टाका, की आमच्या परवानगीशिवाय या वायरिंगला दुसऱ्यानं जादा लोड जोडला तर जबाबदारी आमची नाही, कारण गॅदरिंगच्या रात्री डीजेवाला येऊन थेट तुमच्या डीबीतनं वायर काढतो.

"फुकट" या शब्दाचा घोळ आधीच मिटवा. गुत्तेदाराची मजुरी फुकट म्हणजे वायरमनची हजेरी फुकट असं नाही. पोरांना त्या दिवसाचा रोज पूर्ण द्यायचा, तो आपल्या २४ हजारात मोजायचा. पुण्य तुमचं आणि घाम त्यांचा असं झालं की पोरं पुढच्या वर्षी त्या दिवशी आजारी पडतात.

मंडपाचं काम

गणपतीत पाऊस असतो, लोखंडी पाइपचा मंडप असतो, लेकरं पाइपला लोंबकळत असतात आणि वायरिंग मंडळातल्याच कुणीतरी केलेली असते. आपण इथं जे देऊ शकतो ते पाच हजारांच्या पावतीपेक्षा जास्त कामाचं आहे.

महावितरण मंडळांना तात्पुरतं कनेक्शन देतं आणि त्याला लायसनवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मंडळवाले बरोबर इथंच आपल्याला गाठतात, "दादा एक सही करा की, आपलंच मंडळ आहे." हे करू नका. रिपोर्टवरची सही म्हणजे तुमचं लायसन आहे, उद्या काही झालं तर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीत मंडळाचा अध्यक्ष नाही, तुम्ही उभे राहणार. काम फुकट करा, सही मात्र काम स्वतः बघितल्यावरच.

जागेपासून सुरू करा. ११ केव्हीच्या (हाय व्होल्टेज) लाईनखाली मंडप घेऊच नका म्हणून सांगा. नियमात बांधकामापासून ११ केव्ही लाईनला वर ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर अंतर लागतंय, पण मंडपावर चढून झेंडा लावणारा पोरगा आणि त्याच्या हातातला पाइप हे अंतर मोजत नाही. मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पाहिजेच, जमलं तर दोन लावा, एक लाइटिंगला आणि एक साउंडला, म्हणजे साउंडवाल्याच्या खराब केबलनं ट्रिप झालं तरी आरतीला अंधार होत नाही आणि पोरं वैतागून आरसीसीबी बायपास करत नाहीत. बायपास हाच खरा शत्रू आहे. बोर्ड जमिनीवर नको, छातीच्या उंचीवर, वरून पत्र्याची नाहीतर प्लॅस्टिकची आडोशी. तीन कोरची केबल, लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडलेला, जॉइंट नुसत्या टेपचे नाहीत तर कनेक्टर आणि बंद डब्यात, हॅलोजन कापडापासून लांब.

जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी महावितरण नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा. हे मंडळाला पटवायला जड जातं, त्यांना दोन वायरी पिळून काम भागवायचं असतंय, पण जनरेटरची लाईट उलटी महावितरणच्या लाईनीत गेली तर लाईट गेली म्हणून खांबावर चढलेला लाइनमन जातो. हे वाक्य मंडळाच्या मीटिंगमध्ये असंच्या असं बोला.

मंडळातला एक शहाणा पोरगा धरा, रोज संध्याकाळच्या आरतीच्या आधी आरसीसीबीचं टेस्ट बटन त्यानं दाबायचं, १९१२ हा महावितरणचा नंबर आणि तुमचा नंबर बोर्डाच्या बाजूला लिहायचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्तीची उंची आणि रस्त्यावरच्या तारा आदल्या दिवशी त्याच्यासोबत बघून घ्या. वायर वर उचलायला ओला बांबू घेऊन पोरं ट्रॉलीवर उभी राहतात, ओला बांबू करंट नेतो हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतंय.

हेच सगळं नवरात्राला, सप्ताहाच्या मंडपाला, लग्नाच्या मांडवाला पण लागू. सप्ताहात एक जादा बघायचं, पंगतीच्या जागी पाण्याचे टँकर आणि ड्रम असतात तिथून वायर जमिनीवरून जाऊ देऊ नका.

टॅक्सचा भाग, सीएला दाखवायच्या आधी वाचा

तुम्ही पैसे देणगी म्हणून देताय का जाहिरात म्हणून, हे आधीच ठरवा, एकाच खर्चावर दोन्ही फायदे मिळत नाहीत.

देणगी म्हणून देताना ८०जी असलेल्या ट्रस्टला २००० रुपयांच्या वर रोख दिले तर वजावट मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्या. ट्रस्टकडून देणगीचं आयकराचं प्रमाणपत्र (जुन्या कायद्यात फॉर्म १०बीई) घ्या, नुसती पावती पुरत नाही. साधारण ट्रस्टला दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम वजा होते आणि त्याला पण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. तुम्ही नव्या टॅक्स पद्धतीत असाल तर ८०जीची वजावट नाहीच, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचा विषय इथंच संपला. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा सीएकडं जुने नंबर घेऊन भांडू नका.

माल दिला तर? वायर, पंखे, डीबी अशा वस्तूंच्या देणगीवर ८०जी लागत नाही. वर जीएसटीत कलम १७(५) प्रमाणं फुकट दिलेल्या मालाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही, घेतलेलं असेल तर परत फिरवावं लागतंय. म्हणजे गोडाऊनमधनं दोन बंडल वायर उचलून शाळेत नेली आणि विसरून गेलात असं चालत नाही, त्याची नोंद पाहिजे. ८०जीवाली संस्था असेल तर सोपा रस्ता असा, की पैसे चेकनं संस्थेला द्या, संस्थेनं माल दुसऱ्या दुकानातून संस्थेच्या नावानं बिलावर घ्यावा आणि आपण फक्त मजुरी फुकट द्यावी. माल आपल्याच फर्मकडून घ्यायला लावला तर कागद बरोबर असले तरी गावात वेगळीच चर्चा होते.

जाहिरात म्हणून देत असाल, म्हणजे टूर्नामेंटच्या बॅनरवर फर्मचं नाव, फोन नंबर, "सर्व प्रकारची इलेक्ट्रिक कामे केली जातील" असं सगळं, तर तो धंद्याचा खर्च दाखवता येतो, बिल आणि बॅनरचा फोटो ठेवा. पण मग ती स्पॉन्सरशिप होते आणि तिला जीएसटी लागतो. तुम्ही पार्टनरशिप किंवा प्रायव्हेट लिमिटेड असाल आणि समोर मंडळ-ट्रस्टसारखी पार्टी असेल तर हा १८ टक्के रिव्हर्स चार्जनं (म्हणजे टॅक्स सेवा घेणाऱ्यानंच भरायचा) तुमच्याच गळ्यात येऊ शकतो. याच्या उलट नुसती "अमुक यांच्याकडून सप्रेम भेट" अशी पाटी, धंद्याची जाहिरात नाही, तर ११ ऑक्टोबर २०१९ च्या जीएसटी परिपत्रकाप्रमाणं ती देणगीच, तिच्यावर जीएसटी नाही. म्हणून शाळेच्या पाटीवर फोन नंबर टाकू नका. टाकायची गरज पण नसते, गावात कुणाला आपला नंबर माहिती नाही?

नाव, फ्लेक्स आणि राजकारण

पाटी वहीच्या पानाएवढी पुरते, नाव आणि साल. माझा आग्रह असा की त्याच्या खाली "शेवटची तपासणी" असा रकाना ठेवा आणि दर चकरेला मार्करनं तारीख टाका. ती तारीख बघून गुरुजी फोन करतात आणि ती तारीख जुनी झाली तर आपल्यालाच लाज वाटते.

फ्लेक्स लावायचाच तर नगरपालिकेची परवानगी घेऊन, आणि महावितरणच्या खांबावर कधीच नाही, इलेक्ट्रिकलवाल्यानंच खांबाला फ्लेक्स बांधला तर काय बोलणार. एखाद्या पुढाऱ्याच्या फोटोशेजारी आपलं नाव छापायला मंडळवाले आग्रह करतात, नम्रपणे नको म्हणा. आज हे आहेत उद्या ते येतील, आणि निवडणूक लागली की आचारसंहितेत तुमची शाळेची पाटी पण कागदानं झाकली जाईल.

नाही कसं म्हणायचं

पैसे संपले की संपले. पण आपल्या भागात तोंडावर नाही म्हणणं अवघड, त्यात मागणारा आपल्याच गल्लीतला नाहीतर कस्टमर. माझं उत्तर ठरलेलं असतंय: "यंदाचं सगळं ठरलंय भाऊ, हे बघ वही. गुढीपाडव्यानंतर अर्ज घेऊन ये, पुढच्या वर्षीच्यात पहिलं नाव तुझं." वही खरंच दाखवायची. बहुतेक जण अर्ज घेऊन येत नाहीत. जो येतो त्याचं काम खरं असतंय.

कधी कधी पैशाच्या जागी दुसरं काही देता येतं ते पण बघा. सप्ताहवाले आले तर म्हणा, मंडपाची लाईट तपासून देतो. गावात वीज पडून माणसं, जनावरं जातात, मृगाच्या आधी ग्रामपंचायतीत तासभर बोला, झाडाखाली थांबू नका, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, वीज पडायचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलमध्ये टाकून द्या. याला पेट्रोलशिवाय खर्च नाही.

वहीत काय लिहायचं

साधी दोनशे पानी वही चालते. रकाने असे: तारीख, संस्था, कुणी मागितलं, काय दिलं, माल किती आणि मजुरी किती, चेक नंबर, पावती किंवा फॉर्म आला का, पुढची चकर कधी. शाळेच्या कामासमोर मे महिन्यातला अर्थिंगचा आकडा दर वर्षी एकाखाली एक लिहा, तो दोन वर्षं सलग वाढला तर पाणी टाकायचं कुणी थांबवलंय ते जाऊन बघा. पत्राची एक कॉपी, कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो, मालाची बिलं त्याच फाइलला लावा. सीए मार्चमध्ये मागतो तेव्हा ती फाइल तशीच उचलून द्यायची, आणि एप्रिलमध्ये नवीन आकडा ठरवायला बसाल तेव्हा आधी चकरांचा रकाना काढून बघायचा, जिथं चकर राहिलीय त्या शाळेचे पैसे बाजूला काढूनच नवीन गावाचं नाव लिहायचं.